आक्काचा महादेव आणि माझ्या गोळ्या

मला बरं कुणी केलं, एवढा एक प्रश्न सोडून काहीही विचारा. पाठ कशी दुखायची, पायाला मुंग्या कधी आल्या, झोपून झोपून केसांच्या जटा झाल्या त्या कुणी सोडवल्या, सगळं सांगते. पण "कुणी बरं केलं हो?" असं विचारून पुढचा माणूस लगेच डोळे मिटतो, हात जोडतो आणि उत्तराची वाटच बघत नाही, तेव्हा माझं डोकं फिरतं. त्याला उत्तर आधीच माहीत असतं. लातुरात आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात माझं दुखणं माझ्या आधी जाऊन आलेलं आहे, आणि जाताना ते भलतंच काही नेसून गेलेलं आहे. त्यापायी एका बाईचे पाय जायची वेळ आली.

म्हणून हे लिहायला बसले. ज्यांना माझ्यासारखं दुखणं झालंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात ते दुखणं आहे पण त्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलंय त्यांच्यासाठी जास्त. मी नाव आधीच घेऊन टाकते. मला मणक्याचा टीबी झाला होता.

चप्पल

आमची मेस आहे. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या क्लासला बाहेरगावाहून आलेल्या मुली दोन्ही वेळ आमच्याकडे जेवतात. भाकरी, वरण-भात, एक भाजी, शेंगदाण्याची चटणी, रविवारी काहीतरी गोड. भाताचं पातेलं उतरवणाऱ्या बाईची पाठ दुखते यात कुणाला नवल वाटणार? यांनी बाम आणून दिला. शेजारणीनं "गॅप आली असंल" म्हणून सांगितलं. आक्कानं दृष्ट काढली. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते, आणि आमच्या घराचं खरं सरकार तीच.

"एवढ्या पोरी रोज हिच्या हातचं खाऊन राहिल्या," आक्का म्हणाली, "कुणाची ना कुणाची लागनारच की."

दृष्ट काढून झाली. मग कुणीतरी मणका बसवणारा माणूस आणला. त्यानं मला पालथी पाडून पाठीवर पाय दिला. मी अशी ओरडले की जेवणाऱ्या मुली ताटावरून उठून आल्या. त्यानंतर संध्याकाळचा ताप सुरू झाला. वजन उतरायला लागलं, तर गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बारीक झालीस की गं, लई छान दिसून राहिलीस." मला पण बरं वाटायचं. मूर्खपणाला काही सीमा असते का?

एके दिवशी सकाळी अंगणातून आत येताना मागून एक मुलगी म्हणाली, "काकू, चप्पल." बघते तर माझ्या एका पायातली चप्पल निघून मागेच पडलेली होती, आणि मला ते कळलंच नव्हतं. मी पाय जमिनीवर आपटून बघितला. तो पाय माझा असल्यासारखा वाटतच नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

उभी राहिलेली बाई

माझा भाऊ नांदेडला असतो. त्याच्या ओळखीचे मणक्याचे डॉक्टर होते. गाडीच्या मागच्या सीटवर मला आडवी टाकून नेलं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, प्रत्येक खड्डा मी पाठीनं मोजत होते आणि आक्का पुढच्या सीटवर बसून प्रत्येक खड्ड्याला "शिव शिव" म्हणत होती.

डॉक्टरांनी आधी एमआरआय करायला सांगितला. यंत्रात जाताना अंगावर काही चालत नाही. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना, सगळं उतरवलं. मग तिथला माणूस माझ्या गळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते पण काढा."

ते म्हणजे इष्टलिंग. आम्ही लिंगायत. बाळ जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात आणि ते माणसाबरोबरच मातीत जातं. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मगच तोंडात घास घालायचा. अंगावेगळं करायचं नाही, खाली ठेवायचं नाही. माझं चांदीच्या डबीत असतं. बाळंतपणातसुद्धा ते माझ्या गळ्यातच होतं.

हे काउंटरवर गेलेले, भाऊ गाडी लावायला गेलेला, आणि आक्का नारळ शोधायला. हॉस्पिटलच्या आसपास नारळ मिळतो का हे बघायची हीच वेळ होती का? पण आक्काला विचारणार कोण. "मावशी, लवकर करा, मागं पेशंट आहेत," म्हणत त्या माणसानं प्लास्टिकचा ट्रे पुढं केला. त्यात कुणाचा तरी पट्टा आणि किल्ल्या होत्या. मी डबी मुठीत धरून स्ट्रेचरवर तशीच पडून राहिले.

बाकावर बुरख्यातली एक बाई बसली होती, सासूचा नंबर यायची वाट बघत. ती उठून जवळ आली. "मेरे पास देव," ती म्हणाली. "मैं पकडती. क्या करना, क्या नै, बस बोलो."

"नीचे नहीं रखना," मी म्हटलं.

"नै रखती."

आत गेले. कुणीतरी पत्र्यावर घण घालावेत तसा आवाज, आणि गळा मोकळा. जन्मात पहिल्यांदा मोकळा. नामस्मरण करायचं ठरवलं होतं, पण तोंडात नाव येईना. आल्या त्या शिव्या. काय केलं रे मी तुझं? लोकांच्या लेकींना जेवू घातलं, हेच ना? तेवढ्यात पायाला झटका आला आणि मी हलले. यंत्र थांबलं. स्पीकरवरून माणूस ओरडला, "मावशी, हलू नका, परत पहिल्यापासून करावं लागेल." परत सुरू, परत झटका, परत ओरडा. बाकी कुणाचाही आवाज आला नाही. उजेड दिसला नाही. मी मात्र मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलून घेतलं.

बाहेर आणलं तेव्हा ती बाई उभी होती. मागचा बाक रिकामा होता. दोन्ही तळहात छातीशी, वर ओढणी घेतलेली.

"बैठे नहीं?" मी विचारलं.

"बैठी तो नीचे रखे सरीखा होता क्या, मालूम नै था," ती म्हणाली. "तो नै बैठी."

मला रडू फुटलं. तिला वाटलं पाठ दुखतेय, तिनं नर्सला हाक मारली. मग माझी मान उचलून दोरा गळ्यात घातला आणि सासूकडे गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. या सगळ्या आजारपणात मला कसला अनुभव आला असेल तर तो हाच. पण सांगायला गेलं तर त्यात आहे काय? एक बाई बसली नाही, उभी राहिली. म्हणून मी तो कुणाला सांगितलाच नव्हता.

नाव घ्यायचं नाही

सुईनं मणक्यातला तुकडा काढून तपासला आणि डॉक्टर म्हणाले, "टीबी आहे. औषधानं बरा होतो, पण वर्षभर गोळ्या. एक दिवस चुकवायची नाही. वेळेत आलात, पाय वाचतील."

मी हसले. खरंच हसले. मी मनात कॅन्सर धरून बसले होते. यांचा चेहरा मात्र उतरला. यांनी डॉक्टरांना विचारलं, "दुसऱ्याला होतो का?" डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, हिच्यापासून कुणाला काही होणार नाही, स्वयंपाक केला तरी हरकत नाही. हे "बरं" म्हणाले आणि वॉर्डात आल्यावर माझ्या कॉटवर टेकले.

"कॅन्सर असता तर सांगता तरी आलं असतं," हे म्हणाले.

"काय?"

"लोकांनी कीव केली असती. मेसवाल्या बाईला टीबी म्हटलं की ताट सरकवून उठतील. उद्या पोरींचे बाप दारात उभे राहतील."

"डॉक्टर म्हणाले ना, होत नाही म्हणून."

"डॉक्टर गल्लीत येऊन सांगणार हाय का?"

तिथंच ठरलं. मणक्यात गॅप आहे, असं सांगायचं. टीबी हा शब्द घरातसुद्धा काढायचा नाही. आक्काला शपथ घातली. उताण्या माणसाला भांडता येत नाही. भांडायला निदान कोपरावर तरी उठावं लागतं.

बघायला येणारे

घरी आणलं आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. बघायला येणाऱ्याला चहा लागतो, आणि चहा संपेपर्यंत बोलायला काहीतरी लागतं. मणक्यात गॅप म्हटल्यावर आजारावर बोलण्यासारखं फार उरत नाही. मग सगळे देवावर यायचे.

चुलत सासूबाईंना पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ट्यूबलाइटमध्ये महादेव दिसले होते. शेजारच्या काकांच्या स्कूटरचा ब्रेक उतारावर निकामी झाला तेव्हा पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं स्कूटर धरली आणि वळून बघेपर्यंत तो गायब. एक निवृत्त मास्तर आले, त्यांचा अनुभव इतका लांबला की मध्ये दुसरा चहा ठेवावा लागला, आणि तरी देव काही आले नाहीत, ते अजून गुडघेदुखीपाशीच होते. मला त्यांच्या अनुभवांवर शंका घ्यायची नाही. आले असतील. पण मला त्या वेळेला लघवीला लागलेली असायची आणि बेडपॅन कॉटखाली होतं.

प्रत्येकाचा शेवट एकच. कप खाली ठेवून, पुढं वाकून, हळू आवाजात: "तुला काय अनुभव आला गं?" जणू तोंडी परीक्षाच.

मुली मात्र दारातून डोकावून विचारायच्या, "काकू, आज भाजी कसली हाय?" त्यांचे फार उपकार वाटायचे मला.

तुम्ही कुणाला बघायला जाणार असाल तर एवढं ऐका. झोपलेल्या माणसाला आपला देव सांगायला जाऊ नका. त्याला उठून जाता येत नाही.

आक्का

आता आक्काबद्दल सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तिला वाईट समजाल.

पहिले काही महिने माझं सगळं आक्कानं केलं. बेडपॅन तिनं केलं, नाक न मुरडता. मी नको म्हणायचे तर म्हणायची, "गप. माज्या आईचं केलं, तुजं का न्हाई करनार?" गोळ्यांनी उलट्या व्हायच्या तेव्हा तिच्या एका हातात घमेलं आणि दुसरा हात माझ्या कपाळावर. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी झाली तेव्हा मी किंचाळले, तर आक्का वाकून बघून म्हणाली, "भगवा रंग हाय. शुभ हाय." मला एवढं हसू आलं की पाठ दुखली.

रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या द्यायची ती. आधी माझ्या कपाळाला भस्म लावायची, मग चिमूटभर जिभेवर, मग गोळ्या, मग पाणी. एकही दिवस चुकला नाही. मी कंटाळून तोंड फिरवलं तर लहान पोराला धरतात तसं जबडा धरायची. माझ्या जटा तिनंच खोबरेल तेल लावून, एकेक केस सोडवून काढल्या. कापून टाक म्हटलं तर ऐकलं नाही.

पुढं उठून बसले, मग वॉकर, मग भिंत धरून. यांनी त्या काळात भाकऱ्या करायला शिकून घेतल्या. त्या मुलींनी कशा खाल्ल्या त्यांनाच माहीत. नांदेडच्या डॉक्टरांनी वर्षभरानं, पूर्ण बरी झाली म्हणून, गोळ्या बंद केल्या तेव्हा आक्का तिथंच खुर्चीत बसून रडली.

शिवानुभव

आमच्याकडे सोमवारी संध्याकाळी बायकांचा शिवानुभव असतो. मठाच्या सभागृहात बायका जमतात, भजन होतं, आणि ज्यांना शिवाचा काही अनुभव आला असेल त्या उठून सांगतात. जुनी रीत आहे, चांगली आहे. मी फारशी जायची नाही, मेस सोडून कुठं जाणार. बरी झाल्यावर आक्का मला पहिल्यांदा घेऊन गेली. माझी ओळख करून द्यायची गरजच पडली नाही. बायका उठून माझ्या पाया पडायला लागल्या. माझ्याहून मोठ्या बायका!

मग आक्का बोलायला उठली. पाठ असल्यासारखं बोलत होती, म्हणजे आधी बऱ्याचदा सांगून झालेलं होतं.

"पाय गेलं व्हतं हिचं. पार लाकूड. डॉक्टर म्हनले लिंग काडून ठिवा. हिनं काडलं न्हाई. मुठीत धरून आत गेली. ते येवडं मोटं यंत्र, थांबलं! परत चालू केलं, परत थांबलं! डॉक्टरला घाम फुटला. महादेवानं आतच हिच्या पाटीवरून हात फिरवला. पुडं रोज भस्म लावलं, भस्म खाल्लं. दुसरं काही न्हाई. आज चालून राहिली तुमच्यापुडं."

सगळ्यांनी हात जोडले. माझे कान तापले होते. घरी येऊन दार लावलं आणि आक्काला धरलं.

"मुठीत होतं? एका बाईनं धरलं होतं ते बाहेर. तू नारळ शोधत होतीस."

"नारळ मिळाला की," आक्का म्हणाली.

"आणि यंत्र बंद पडलं?"

"थांबलं व्हतं का न्हाई?"

"मी हलले म्हणून थांबलं."

"मग तुला कुनी हलवलं?"

मी विचारलं, "आणि गोळ्या? त्या कुठं गेल्या तुझ्या अनुभवातून?"

आक्कानं हातातली पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "गोळ्या सांगितल्या तर कशाच्या ते इचारतील. ते सांगायचं न्हाई म्हणून तुमीच शपथ घातली. लोक रोज इचारून राहिले, कशानं बरी झाली, कशानं बरी झाली. मी काय सांगू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गोळ्या सांगायच्या तर आजार सांगावा लागतो. आजार सांगायचा नाही असं आमचं ठरलेलं. मग एवढी लाकूड झालेली बाई चालली कशानं? उरला एकटा महादेव. आम्ही आजार झाकला आणि आक्कानं रिकाम्या जागेत देव भरला. राग तरी कुणावर काढायचा?

सुमन

पुढच्याच आठवड्यात मेसच्या जेवणाच्या वेळेला एक बाई दारात आली. तिशीतली, उदगीर रोडला शिलाईचं काम करणारी, सुमन नाव. उंबरा चढताना तिनं दाराची चौकट धरली आणि डावा पाय हातानं उचलून आत ठेवला. मी तशीच चढायची.

नारळ, खण, तांदूळ घेऊन आली होती. माझी ओटी भरायची होती तिला.

"ताई, मला बी तेच हाय. मनक्यात," ती म्हणाली. "डॉक्टरनं टीबी म्हनून सांगितलं. गोळ्या दिल्या. लई उलट्या व्हायच्या, मशीनवर बसताच येईना. आक्कांचा अनुभव ऐकला आन् बंद केल्या. आता निस्तं भस्म अन् नाव."

"कधी बंद केल्या?"

"त्याच सोमवारपासून."

मी तिला आतल्या खोलीत नेलं. बाहेर मुली जेवत होत्या, हे वाढत होते आणि कान इकडं होते. मी आवाज खाली घेऊन सगळं सांगितलं. मलाही टीबीच होता. मी रोज गोळ्या खाल्ल्या, वर्षभर. मलाही उलट्या व्हायच्या. आजच्या आज दवाखान्यात जा, मी येते बरोबर.

सुमन शांतपणे ऐकत होती. मग हसली. ते हसू मला अजून आठवतं, मोठ्या भक्तीचं हसू.

"आक्का म्हनल्या व्हत्या," ती म्हणाली. "म्हनल्या, ती कबूल करनार न्हाई. ज्याला खरा अनुभव येतो तो लपवतो. तुमी परीक्षा बघून राहिल्या माजी."

डोकं भिंतीवर आपटावं असं वाटलं. मी खरं सांगितलं की मी नम्र, आणि गप्प बसले तर मी संत! मी ओरडले, तर तिनं माझे पाय धरले. बाहेरून हे दोनदा खोकले. हे कधी खोकत नाहीत.

"तुझं मशीन पायानंच चालतं ना?" मी विचारलं.

"हाव."

"मग पाय गेल्यावर काय चालवशील?"

"महादेव हाय की," ती म्हणाली, आणि माझी ओटी भरून गेली. चौकट धरून, पाय उचलून.

सोमवार

आक्काला म्हटलं, तू सांग तिला. आक्का म्हणाली, "भरल्या सभेत सांगितलेलं मी फिरवू कसं? मला खोटी पाडतीस?" आणि जेवली नाही त्या दिवशी. यांना म्हटलं, मी सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार. हे म्हणाले, "मेस बंद पडली तर?" मी म्हटलं, "पडू दे." हे म्हणाले, "पडू दे म्हणायला काय जातं?" यांचंही बरोबर होतं. मेस सोडून आमच्याकडे दुसरं आहे काय? आठवडाभर घरात ताटं जोरात ठेवली जात होती. सोमवारी संध्याकाळी मात्र यांनी काही न बोलता स्कूटर काढली, मला मठापाशी सोडलं आणि बाहेरच थांबले.

सुमन पुढंच बसली होती, पाय लांब करून. आक्का तिच्या पलीकडं. भजन संपलं आणि मी उठले. 

"मला मणक्याचा टीबी झाला होता," मी म्हणाले.

माझ्या बाजूची बाई थोडी सरकली. मी बघितलं ते.

"आम्ही लपवलं, मेससाठी. डॉक्टर म्हणाले होते माझ्यापासून कुणाला होत नाही, तरी लपवलं. मी गोळ्या खाऊन बरी झाले. यंत्र थांबलं ते मी हलले म्हणून. लिंग माझ्या मुठीत नव्हतं. ते एका मुसलमान बाईनं बाहेर धरलं होतं. खाली ठेवायचं नाही एवढंच मी तिला सांगितलं होतं, आणि बसलं तर ते खाली ठेवल्यासारखं होईल की काय म्हणून ती तेवढा वेळ उभीच राहिली. तुम्हाला अनुभव पाहिजे ना? माझा एवढाच आहे. आत मी देवाला शिव्या देत होते आणि बाहेर ती बाई उभी होती. पण मणका गोळ्यांनी बरा झाला. भस्म मी रोज लावते, आजही लावलंय. गोळ्या बंद करून लावू नका."

सुमन माझ्याकडे तशीच बघत होती, परीक्षेला बसल्यासारखी. माझ्या लक्षात आलं की अजूनही तिचा विश्वास नाही. मी आक्काकडे वळले.

"गोळ्या रोज सकाळी आक्कानं दिल्या. तिला विचारा."

सगळ्या माना आक्काकडे वळल्या. आक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग परत सारखा केला. ती नाही म्हणाली असती तर सुमन गेली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर मी रडले असते.

"हाव," आक्का म्हणाली. "दिल्या. एक दिस चुकवली न्हाई. जबडा धरून दिल्या."

सुमनचा चेहरा बदलला. ती आक्काकडे बघायला लागली, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या पायाकडे. मग एकदम घाईनं विचारलं, "ताई, गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर परत घ्यायची का तीच?"

"ते डॉक्टरांना विचारू," मी म्हटलं. "उद्याच."

आणि मागून कुणीतरी बोललं, "माज्या सासूला व्हता छातीत. आमी दमा म्हनून सांगितलं." मग दुसरी म्हणाली, तिच्या बहिणीला होता, लग्नाआधी. मग आणखी एक. इतक्या वर्षांचे सोमवार, इतके अनुभव, आणि हे एकीनंही कधी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी आरतीला उशीर झाला.

नंतर

मेसचं जे व्हायचं ते झालं. काही मुलींचे वडील आले, कुणी सरळ बोललं, कुणी क्लास बदलल्याचं कारण दिलं. मोठं पातेलं माळ्यावर गेलं, आता मधल्यात भात होतो. हे अजून अधूनमधून म्हणतात, "बोलून काय मिळालं?" भाकऱ्या मात्र आता दोघं मिळून करतो. ज्या मुली राहिल्या त्यांतली एक म्हणाली, "काकू, आमच्या पुस्तकात हाय ते, मणक्याचा दुसऱ्याला होत न्हाई." मी तिला जास्तीची चटणी वाढली.

सुमनला दुसऱ्या दिवशी मी आणि आक्का घेऊन गेलो. डॉक्टर तिला खूप बोलले, बोलायलाच पाहिजे होतं. गोळ्या परत सुरू झाल्या. पहिले काही दिवस आक्का रोज सकाळी सुमनच्या घरी जायची, रिक्षानं, कुणाचं न ऐकता. जबडा धरायची गरज पडली की नाही, ते मी विचारलं नाही.

गेल्या सोमवारी सुमन चौकट न धरता सभागृहात आली आणि माझ्या शेजारी बसली. भजन झालं. आक्का उठली. मी मनात म्हटलं, आता तरी नीट सांगेल.

"ही सुमन गोळ्या सोडून बसली व्हती," आक्का सांगायला लागली. "तवा खुद्द महादेव आमच्या भावजयीच्या जिबेवर येऊन बसला! ती बोललीच न्हाई त्या दिवशी, त्योच बोलला! म्हनला, गोळ्या खा!"

बायकांनी हात जोडले. माझं टाळकंच सरकलं. ते वाक्य जमवायला मी आठवडाभर झोपले नव्हते, यांच्याशी भांडले होते, घामानं ब्लाउज भिजला होता, आणि बोललं कोण, तर हा महादेव! मी उठायला गुडघ्यावर हात टेकले.

सुमननं माझा पदर धरून खाली ओढलं.

"बसा की ताई," ती हळूच म्हणाली. "कुनी का बोलंना. गोळ्या चालू हायत ना?"

मी बसले.